धूलकोटच्या पारावर अडलेली मिरवणूक

प्रभाकरभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी माहेरी, धूलकोटला होते. भावाच्या नातीचं बारसं आदल्या दिवशी झालेलं, घरात अजून पाहुणे होते. पुतण्या फोनवर म्हणाला, "मोठी आई, बाबा गेले... सकाळी चहा मागितला, आई घेऊन गेली, तर..." पुढचं त्याला बोलवेना. मी ओट्यावर येऊन बसले. समोर मारुतीचं देऊळ आणि त्याच्यापुढचा पार. रडू यायला हवं होतं, ते नंतर आलंच, पण आधी मनात आलं ते भलतंच. म्हटलं, हा माणूस गेला तोही मी धूलकोटला असताना! चाळीसहून जास्त वर्षं आम्ही दीर-भावजय ज्या गोष्टीवरून भांडलो, ती ह्याच पारावर घडली होती.

भांडण कशावरून, तर बँडवरून. हसू नका. माझ्या सासरी, बऱ्हाणपुरात, तेव्हा रज्जाकमास्तरांचा बँड होता. लग्नात वाजवणारा, साधा, लाल कोटवाला. मास्तर स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. सगळ्यांना पाठ असलेली एखादी चाल धरायचे आणि दोन मिनिटांत तिला सोडून कुठल्या कुठे निघून जायचे. ढोलवाला, ताशावाला आणि दोन ट्रम्पेटवाले त्यांच्या मागे धावायचे. कुठे वळायचं ते आधी ठरलेलं नसे, त्यामुळे एक चाल चौकात अर्धा तास चाले आणि मिरवणूक जागची हलत नसे. भाऊजी कागद कारखान्यात मशीनवर होते. ते आणि पाळीतले त्यांचे तीन-चार दोस्त ह्या बँडपायी अक्षरशः वेडे. पाळी सुटली की बस पकडून गावात यायचे आणि मास्तर ज्याच्या दारी असतील त्या लग्नात घुसायचे. ओळख ना देख. कुणी हाताला धरून पंगतीत बसवायला लागलं तर भाऊजी म्हणायचे, "नाही हो, आम्ही नवरदेवाकडचे नाही, आम्ही बँडकडचे." आणि खरंच न जेवता परत यायचे. मग घरी माझ्या सासूबाई ओरडत ओरडत ताट वाढायच्या.

माझ्या लग्नात मात्र ते चांगले नवरदेवाकडचे होते, नवरदेवाचे सख्खे धाकटे भाऊ. वऱ्हाड बसनं धूलकोटला आलं, बँड मागून टेम्पोत. नवरदेवानं मारुतीचं दर्शन घेतलं आणि मिरवणूक मांडवाकडे निघाली. निघाली म्हणजे काय, पारापर्यंत आली आणि तिथेच तिचं घोडं अडलं. मास्तरांनी चाल धरली ती सोडेचनात. माझ्या वडिलांनी दोनदा माणूस पाठवला, तिसऱ्यांदा स्वतः गेले. मुहूर्त टळला. गुरुजींनी कपाळाला हात लावला, पुन्हा पंचांग उघडलं, कुठलीशी दुसरी घटका काढली आणि तासाभरानं अक्षता पडल्या. वडील पुढे कित्येक वर्षं रज्जाकमास्तरांचं नाव काढलं तरी तोंड फिरवायचे. आणि भाऊजी? ते ज्याला त्याला सांगत सुटायचे की मास्तर आयुष्यात सगळ्यात भारी वाजले ते वहिनीच्या लग्नात, धूलकोटला. मी चिडले की म्हणायचे, "वहिनी, तुम्ही आत गौरीहरापुढे बसल्या होत्या. तुम्ही ऐकलंच कुठं? ऐकलं असतं तर मुहूर्ताचं नाव घेतलं नसतं."

पुढे मास्तरांचा दम कमी झाला. त्यांच्या मुलानं, सलीमनं, बँड हातात घेतला. गाडीवर कीबोर्ड आला, मोठे स्पीकर आले, माइकवर गाणारा आला. चाली आटोपशीर झाल्या, आठ-दहा मिनिटांत एक संपून दुसरी सुरू. भाऊजींच्या दोस्तांत उभी फूट पडली. राजघाटाच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीवर त्यांची ह्यावर जी खडाजंगी चाले ती ऐकून वाटावं, ह्यांच्या घरात वाटण्या होताहेत. भाऊजी म्हणायचे, कीबोर्ड आला त्या दिवशी बँड मेला, आता नुसती गाणी वाजतात. मी शाळामास्तरीण, मला गप्प बसवत नाही. म्हटलं, "भाऊजी, तुमच्या त्या सोन्यासारख्या बँडपुढे कधी एक तरी बाई नाचली का? आम्ही आपल्या मागे, डोक्यावर पदर घेऊन, चपला घासत. सलीमच्या बँडपुढे बाया नाचतात. आणि लग्नं वेळेवर लागतात." ह्यावर ते पेपर उघडायचे आणि उलटा धरून वाचायचे.

माझे यजमान अकाली गेले. मुलगी तेव्हा दहावीत होती. तेराव्याला आलेल्या बायका स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या ते मी ऐकलं : "मुहूर्त टळला होता ना हिचा..." मी कानाआड केलं. असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता आणि रडायला मला दुसरी कारणं पुष्कळ होती. पण शेजारच्या खोलीत भाऊजी होते आणि त्यांनीही ते ऐकलं असेल, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यानंतर ते जुन्या बँडबद्दल पूर्वीपेक्षा जास्त भांडायला लागले. धूलकोटच्या त्या वाजवण्याचं वर्णन दरवर्षी थोडं वाढायचं. मला वाटे, वय झालं की माणूस हट्टी होतो, तसंच हे.

मुलीच्या लग्नात मी ठरवून मिरवणुकीच्या शेवटी चालत होते. विधवा बाईनं कुठे चालावं हे कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. राजघाटाच्या वळणावर बँड थांबला. पाहते तर भाऊजी त्या कीबोर्डच्या गाडीला टेकून सलीमशी काही बोलताहेत. ज्या गाडीकडे ते कधी मान वर करून पाहत नसत, त्या गाडीला! मग गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "चला वहिनी, तुमच्या बँडवाल्याला बायांचं गाणं लावायला सांगितलंय. आता नाचल्या नाहीत तर मी जिंकलो." सगळ्यांदेखत मला पुढे घेऊन गेले. मी नाचले. बरं नाचले की वाईट, देव जाणे... पण त्या दिवसानंतर मी कुठल्याच लग्नात मागे चालले नाही.

आमची शेवटची भेट मी धूलकोटला निघाले त्या सकाळची. हृदयविकाराच्या दुसऱ्या झटक्यानंतर ते खालच्या खोलीत खिडकीशी पलंगावर असत. मी निरोप घ्यायला गेले तर म्हणाले, "बसा जरा." मी बसले, तर एकदम म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मास्तर थांबणार होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, बस क्या? मीच म्हटलं, और एक फेरा. तीनदा म्हटलं. मुहूर्त मी घालवला. दादा गेला त्यानंतर रोज वाटतं..." तेव्हा मला सगळं एकदम कळलं. ह्या माणसाला ते वाजवणं जगातलं सगळ्यात भारी ठरवणं भागच होतं. ते तसं नसेल तर त्यानं भावाचा मुहूर्त फुकटच घालवला, असं झालं असतं. इतकी वर्षं तो बँडसाठी भांडतच नव्हता.

मग मी जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. म्हणजे वरातीमागून घोडंच, पण पोचलं. म्हटलं, "भाऊजी, मी सगळं ऐकलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत." माझी आई जन्मात कधी स्वस्थ बसली नाही. केळीचा मळा, गोठा, बारा माणसांचं घर. लग्नाच्या दिवशीही ती पहाटेपासून पळत होती. पण मिरवणूक पारावर अडली आणि तिच्याकडे करायला काही उरलंच नाही. सगळं तयार आणि यायचं कुणीच नाही. तेव्हा ती गौरीहरापाशी माझ्या शेजारी येऊन बसली. पाऊण तास, तास. माझा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला होता. बाहेर क्लॅरिनेट चाललेलं. ती म्हणाली, "कसा गोड वाजवून राहिला मेला. थांबूच नये वाटते." आणि मग तिनं मला तिच्या लग्नाची गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. पुढच्या पोळ्याआधी आई गेली. एवढा वेळ ती माझ्याजवळ बसली अशी ती एकच वेळ. वडिलांचा अपमान झाला होता, त्यांच्यादेखत हे कसं बोलणार? आणि नंतर भांडणाची अशी सवय झाली की सोडवेना. मी म्हटलं, "तुम्ही माझं काही घालवलं नाही, भाऊजी. तुम्ही मला आई दिलीत तासभर."

ते रडले. मीही रडले. मग डोळे पुसून, स्वभावाला जागून, म्हणाले, "म्हणजे ऐकलं होतं आणि चाळीस वर्षं मला खोटं पाडलं!" मी निघाले तर मागून हाक मारून म्हणाले, "सलीमचा हात चांगलाय बरं का. मी कुणाला सांगितलं नाही." तेच माझ्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी बारसं झालं, तिसऱ्या दिवशी फोन आला.

आता दुपारी मी त्यांच्या खोलीत, त्या खिडकीशी बसते. गेल्या आठवड्यात एक मिरवणूक गल्लीत शिरली. बँड दुरून जोरात येत होता आणि आमच्या घराजवळ येताच एकदम बंद झाला. गमी, म्हणजे मयत, झालेल्या घरापुढून वाजवत जात नाहीत, ही इकडची रीत. नुसती पावलं वाजत होती. मी खिडकी पूर्ण उघडली. सलीमच होता. म्हटलं, "का रे थांबवलं?" तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "चाची, काका का घर है. कैसे बजाएँ?"

"वाजव," मी म्हटलं.

तो घुटमळला. "पुराना बजाऊँ के नया?"

हा प्रश्न त्यानं ह्या घरापुढे विचारावा! म्हटलं, "कोणतीही धर. आणि मग ती सोडून जरा भटकून ये, अब्बासारखा." सलीम हसला, मान खाली घातली आणि कीबोर्डवर बोटं ठेवली. पहिलं मिनिटभर ओळखीची चाल होती, मग ती नव्हती. ढोलवाला गोंधळला, मग त्यालाही सापडलं. दोन बाया नाचायला लागल्या. वरपक्षातले एक गृहस्थ घाईघाईनं खिडकीशी आले, हातात फोन, कपाळावर घाम. "काकू, आता पुढे जाऊ द्या ना यांना. मुहूर्त जवळ आलाय, मुलीकडून फोनवर फोन येऊन राहिलेत."

मी त्यांना म्हटलं, "पाच मिनिटं थांबा हो. तिकडे ती पोरगी आईजवळ बसली असेल. बसू द्या तिला."