संघाची कच्ची बाजू

कोल्हापुरात जन्मून फुटबॉलला घाबरणारा मी एकटाच असेन.

लहानपणी मैदानाच्या कडेला उभा राहून भेळ खात होतो, तेव्हा कुणीतरी मारलेला बॉल थेट तोंडावर येऊन बसला. भेळ गेली, पुढचा दात गेला, आणि तेव्हापासून कुठलीही गोल वस्तू माझ्या दिशेने यायला लागली की मी आधी डोळे मिटून घेतो. (बायकोने संत्रं फेकलं तरी.) माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, मात्र पेठेतल्या तालमीच्या संघाचा नावाजलेला खेळाडू. आज साठीला आला तरी रस्त्याने चालला की लोक हाका मारून त्याला चहा पाजतात. मी सोबत असलो तर मलाही देतात. (अर्धा.)

असा मी नोकरीनिमित्त सिंगापूरला आलो, टॅम्पिनीसला फ्लॅट घेतला, आता आयुष्यात फुटबॉलशी संबंध येणार नाही म्हणून निर्धास्त झालो, आणि माझी सतरा वर्षांची मुलगी इरा तिच्या ज्युनिअर कॉलेजच्या संघात गोलकीपर झाली. म्हणजे बॉल अंगावर आला की ही पोरगी पळत नाही, उलट त्याच्यावर झेप घेते! पुतणी काकावर गेली, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. माझ्यावर काय गेलंय ते अजून कुणाला सापडलेलं नाही.

स्पर्धा निम्म्यावर आली तेव्हा एके दिवशी इरा जेवायला बसली. भात नुसता चिवडत होती.

"काय झालं गं?" मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं.

"कोच म्हणतायत, शनिवारच्या मॅचनंतर टीम रिव्ह्यू. कोण चांगलं, कोण वीक, सगळं बघणार. मे बी पुढच्या मॅचेसना गोलमध्ये शर्मेन."

शर्मेन म्हणजे त्यांच्या संघातली दुसरी गोलकीपर. इरापेक्षा वीतभर उंच. इराने वर्षभर या एका जागेसाठी पहाटे उठून सराव केला होता, गुडघे फोडून घेतले होते.

"बाबा, शनिवारी काकांना व्हिडिओ कॉलवर मॅच दाखव," ती म्हणाली. "आमची टीम कुठे स्ट्राँग, कुठे वीक, त्यांना बरोबर कळेल. मॅचनंतर ते मला सांगू देत."

"आणि मी काय करू?"

"यू जस्ट होल्ड द फोन, लाह." (वाक्याला 'लाह' जोडायला ती इथेच शिकली.)

इथे आमची एक सवय सांगायला हवी. परदेशात मराठी माणसाला एक मोठी सोय असते: चारचौघांत उभं राहून चारचौघांबद्दलच मोकळेपणाने बोलता येतं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, समोरच्याचे निळे केस, खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये शेजारच्याच्या ताटातला तो हलणारा पदार्थ, लिफ्टमधल्या काकूंचं अत्तर, सगळ्यावर आम्ही तोंड भरून बोलतो, चेहरे अगदी देवळात उभं असल्यासारखे ठेवून. मंजिरी पुण्याची. ती नेहमी बजावते, "एक दिवस मार खाशील हं तू." मी हसण्यावारी नेतो. आजूबाजूला कुणाला काय कळणार आहे?

शनिवारी मंजिरीला काम होतं, म्हणून मी एकटाच गेलो. मैदान यिशुनला होतं. ऊन असं की बाकावर बसलो आणि लगेच उठलो. टचलाइनपासून चांगला लांब, बॉल यायची शक्यता कमीत कमी अशी जागा शोधत होतो, तोच फोनमधून दादा ओरडला.

"पुढं जा की! मुंग्या दाखवतोस व्हय मला?"

दादाचा आवाज मैदानावर घडलेला. आमच्या दोघांचा आवाज अगदी एकसारखा आहे, फोनवर आईसुद्धा फसायची. फरक इतकाच की त्याचा आवाज लोक ऐकतात. इअरफोन मी घरी विसरलो होतो. तेव्हा स्पीकर चालू करून, जीव मुठीत धरून, मी टचलाइनला जाऊन उभा राहिलो. शेजारी फोल्डिंगच्या खुर्चीवर छत्री उघडून एक चिनी बाई बसल्या होत्या. समोरच्या संघातल्या कुणाची तरी आई असाव्यात. मांडीवर करी पफचा, म्हणजे इथल्या बटाट्याच्या करंज्यांचा, डबा होता.

"तिथं कोण हाय शेजारी?" दादाने विचारलं.

"आहे एक बाई. डबा भरून खायला आणलंय, एकटीच संपवणार दिसतायत. विचारायची पद्धत नाही यांच्यात," मी बाईंकडे बघून गोड हसत म्हणालो. बाईही गोड हसल्या.

मॅच सुरू झाली आणि आमच्या पोरींनी लगेच गोल केला. मी नाचलो. दादा मात्र तेवढ्यावर खूश होणारा नव्हे.

"मधल्या दोघी झकास हायत. दम हाय, पास बघून देतात," तो म्हणाला. "पण ती डाव्या बाजूची बचाव करणारी बघ. पळती चांगली, पण मागं वळताना तिला निम्मा दिवस लागतोय."

"वळताना?" मी ओरडलो. (दादाच्या घरी मिक्सर चालू होता, त्याला ऐकू जाईना.) "हो रे, डावी बाजू कच्ची आहे! बॉल तिच्या पाठीमागे टाकला की संपलं!"

लागलीच समोरच्या संघातल्या अकरा नंबरच्या पोरीने बॉल नेमका तिच्या पाठीमागे टाकला. इराने पुढे येऊन कसाबसा अडवला.

"ही अकरा नंबर हुशार हाय," दादा म्हणाला. "मी बोललो आणि तिनं तेच केलं. आता ती मधली उंच पोरगी बघ. बॉल डोक्यावर आला की डोळे मिटून घ्यायला लागलीया."

त्या पोरीबद्दल मला फार जवळीक वाटली. "बिचारी उंच बॉलला घाबरते रे!" मी ओरडून सांगितलं. "उंच बॉल टाकला की ती डोळे मिटणार!"

अकरा नंबर आमच्याच समोरून पळत होती. तिने उंच बॉल टाकला. आमच्या पोरीने डोळे मिटले. बॉल तिच्या डोक्याला लागून भलतीकडेच वळला आणि इराच्या हातांवरून आत गेला. एक-एक.

"वा!" दादा म्हणाला. "मैदान वाचती ही पोरगी. मी इथनं बघतोय तेच तिला तिथनं दिसतंय. असा खेळाडू लाखात एक."

"आणि आपली इरा?" मी घाबरत विचारलं.

"हात चांगले हायत. धीट हाय. पण एक खोड हाय, बॉल यायच्या आधीच ती स्वतःच्या उजवीकडं झुकती. पेनल्टी झाली तर समोरच्यानं डोळे झाकून तिच्या डावीकडं मारावी."

"म्हणजे डावीकडे मारली की गोल नक्की?" मी खात्री करून घेतली. मिक्सरवर मात करून, मोठ्याने.

तेवढ्यात भोंगा वाजला. इथे आकाशात वीज असली की भोंगा वाजतो आणि मैदान रिकामं करावं लागतं, मग तुमचा खेळ कितीही रंगात आलेला असो. सगळे शेडखाली धावले. दोन्ही संघ दोन कोपऱ्यांत, पालक मध्ये. मी अंग चोरून उभा होतो, तेव्हा कुणीतरी माझ्या पुढे डबा धरला.

"घ्या की भाऊ," छत्रीवाल्या चिनी बाई म्हणाल्या. "मघाशी इचारलं न्हाई, चुकलंच माझं."

मी आजूबाजूला पाहिलं, दुसरं कुणी बोललं का म्हणून.

"मी ग्रेस शिंदे," बाई म्हणाल्या. "आमचं मालक साताऱ्याचं. सासूबाई आमच्याकडंच असायच्या, त्यास्नी विंग्रजी यायचं न्हाई, मग मीच मराठी शिकले. माझी तन्वी तर आजीच्या मांडीवरच वाढली. मराठी फाडफाड बोलती."

"तन्वी?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"अकरा नंबर," ग्रेसबाई कौतुकाने म्हणाल्या. "तुम्ही लई झ्याक सांगता बघा. अगदी तिच्या कानाशी येऊन सांगितल्यागत. लई उपेग झाला पोरीला. घ्या ना, गरम हाय."

मी करी पफ घेतला. नाही म्हणायचं धाडस नव्हतं. कोपऱ्यात जाऊन फोन तोंडाशी धरला आणि दादाला कुजबुजत सगळं सांगितलं. पलीकडे मिक्सर थांबला.

"म्हणजे मी निम्म्या मॅचभर त्यांच्या संघाला शिकवायला लागलो होतो?" तो म्हणाला. "आता तोंडाला कुलूप लाव. काही झालं तरी गप्प बस. कळलं?"

पण इराला सावध तरी करायला हवं होतं. मी तिच्या संघाकडे निघालो. वाटेत त्यांच्या कोच फरीदा उभ्या होत्या. उंचीने माझ्या खांद्याला लागतील, पण त्यांनी बघितलं की मला शाळेतल्या मारकुट्या मास्तरांची आठवण येते.

"अंकल, पेरेंट्स दॅट साइड," त्या म्हणाल्या.

मी तिकडून इराला खुणा केल्या. अकरा हा आकडा बोटांनी दाखवायचा म्हणजे दहा बोटं आणि नाक. मग तोंड, मग कान. इराने माझ्याकडे पाहिलं, आणि हा माणूस आपला कुणीच लागत नाही असा चेहरा करून मान फिरवली.

देवा, आता वीज कडकडू दे आणि मॅच रद्द होऊ दे, असं मी मनापासून म्हणालो. ताबडतोब लख्ख ऊन पडलं.

पुढचा अर्धा भाग मी ओठ दाबून काढला. शर्ट घामाने चिंब, शेजारी ग्रेसबाई. "आज बोलत न्हाई व्हय आता?" त्या मधेच आपुलकीने विचारायच्या. मी नुसती मान हलवायचो. इरा मात्र काय खेळली! डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून, येईल तो बॉल अडवला. मला वाटलं, सुटलो. राहिली पोरीची जागा.

तोच उंच बॉल आला. आमच्या त्या मधल्या पोरीने डोळे मिटले, आणि तोंड वाचवायला हात वर केला. (मीही तेच केलं असतं.) बॉल हाताला लागला. शिट्टी वाजली. पेनल्टी! आणि बॉल घेऊन पुढे आली ती अकरा नंबर.

तन्वीला माहीत आहे इरा उजवीकडे झुकते. ती डावीकडे मारणार. गोल होणार, इराची जागा जाणार, आणि हे तिला कळलं की ती आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाही. काहीतरी करायलाच हवं होतं, आणि भीतीने माणसाचं डोकं किती जोरात चालतं ते मला तेव्हा कळलं. मी डावीकडे म्हणून ओरडलो, तर ते तन्वीला कळणार. इरा डावीकडे जाणार असं समजून ती उजवीकडे मारणार. आणि इरा? इराने जन्मात माझं एकही ऐकलेलं नाही. छत्री घे म्हटलं की घरी ठेवते, भाजी खा म्हटलं की पाव खाते. डावीकडे म्हटलं की ती उजवीकडेच जाणार. बॉल उजवीकडे, इरा उजवीकडे, काम फत्ते! एवढी अक्कल मला ऑफिसात कधी सुचली नव्हती.

"गप्प बस," फोनमधून दादा पुटपुटला.

"इरा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. "डावीकडे! डावीकडे झेप घे!"

तन्वीची नजर क्षणभर आमच्याकडे वळली. तिने बॉल इराच्या उजवीकडे मारला, घाईत, अगदी हळू. इतका हळू की तो मीसुद्धा अडवला असता. डोळे उघडे ठेवून.

इराने डावीकडे झेप घेतली.

मॅच संपली, दोन-एक, आम्ही हरलो. मी झाडामागे जायच्या बेतात होतो, तर ग्रेसबाई सरळ कोच फरीदांकडे चालत गेल्या. भल्या बाई. त्यांना माझं कौतुक केल्याशिवाय राहवेना. कौतुकासाठी त्यांनी इंग्रजी वापरलं, म्हणून कोचना शब्द न् शब्द कळला: या अंकलचं अ‍ॅनालिसिस काय सुंदर, कुठे मारायचं ते सगळं यांनीच सांगितलं, आमचे दोन्ही गोल यांचेच! कोच फरीदांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळून बघितलं. शाळेतल्या मास्तरांच्या हातात निदान छडी तरी असायची, म्हणजे काय होणार ते कळायचं.

परतीच्या एमआरटीत इरा समोरच्या सीटवर बसली होती.

"रिव्ह्यू झाला," ती म्हणाली. "कोच म्हणाल्या, दोन्ही गोल कीपरमुळे नाही गेले, अंकलमुळे गेले. सो आय स्टे."

माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणीच आलं.

"आणि टीमचा मेन वीकनेस काढून टाकणार म्हणाल्या. यू आर बॅन्ड, बाबा."

मी मान डोलावली. निर्णय योग्य होता. पण मनात एक सुखाची गोष्ट राहून राहून येत होती, ती विचारल्याशिवाय राहवेना. "मी काय म्हणतो इरा, डावीकडे म्हटल्यावर तू खरंच डावीकडे गेलीस. म्हणजे जन्मात पहिल्यांदा तू माझं ऐकलंस की गं."

"कोचने शेडमध्ये सांगितलं होतं, झुकू नकोस, शेवटपर्यंत सरळ उभी राहा. मी उभीच होते. तो बॉल मी ईझिली पकडला असता." इराने माझ्याकडे दयेने पाहिलं. "पण तुझं कोण ऐकतंय, बाबा? मला वाटलं, काका ओरडले."

फोन खिशात अजून चालूच होता.

"काका तर गप्प बस म्हणत होता," खिसा म्हणाला.