हुसेनचाचांची शांतता

हुसेनचाचा गिऱ्हाइकाच्या हातात चमचा देत नसत. साखर स्वतः ढवळत, आणि तीही अशी की चमचा कपाला लागायचा नाही. मी रत्नागिरीत नुकताच नोकरीला आलो होतो. पहिल्यांदा त्यांच्या दुकानात शिरलो आणि सवयीने ओरडलो, "एक चहा!" चाचा उठून माझ्या टेबलाशी आले, वाकले आणि कानाशी म्हणाले, "चाय मिळंल. पन मी हितंच हाय, मुंबईत नाय." मी असा ओशाळलो म्हणता! दुसऱ्या दिवसापासून इतरांसारखं नुसतं एक बोट वर करायला शिकलो.

दुकान भर बाजारात. बाहेर रिक्षांचे भोंगे, भाजीवाल्यांची बोंबाबोंब, आणि समोरच्या हॉटेलात टेपवर दिवसभर सिनेमाची गाणी. पण दोन पायऱ्या उतरून चाचांकडे आलं की चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे तो सगळा गोंगाट चपलांसारखा बाहेरच राही. आत स्टोव्ह नव्हता, कारण तो आवाज करतो. चहा कोळशाच्या शेगडीवर व्हायचा, त्यामुळे उशिरा मिळायचा, आणि त्याबद्दल कुणी ब्र काढत नसे.

चाचांनी अर्धं आयुष्य बोटीच्या इंजिनखोलीत काढलं होतं. "थितं बायकोची आठवन आली तरी ओरडून काढायला लागायची," असं ते सांगत. घरी परतल्यावर त्यांनी माडी बांधली नाही की टेपरेकॉर्डर आणला नाही. हे दुकान काढलं आणि भिंतीवरच्या घड्याळाचे टोले बंद करून घेतले. कुणाचा आवाज चढलाच तर म्हणत, "भावा, हलू. मी आता बोटीवर नाय." रागवत कधीच नसत. चाचांना कुणाला नाही म्हणता येत नसे, हीच त्यांची खोड, आणि पुढे तीच नडली.

हिराबाई तिथली जुनी गिऱ्हाईक. मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीच्या लिलावात रोज सकाळी घसा फोडायचा आणि मग इथे कोपऱ्यात येऊन गप्प बसायचं, असा त्यांचा नेम. भलेभले दलाल जिला टरकून असत, ती बाई इथे बशीतल्या चहावर फुंकरसुद्धा जपून घाली.

एके दिवशी चाचांनी चहा देता देता सांगितलं की मुंबईच्या जागामालकाचा निरोप आलाय. दिवाळीपर्यंत जागा खाली करा, इथे व्हिडिओ सेंटर काढायचंय. "दुसरी जागा मिळंल वो," चाचा म्हणाले, "पन अशा भिंती खंय मिळतील?" त्यांचं कपाकडे लक्ष नव्हतं. बशीत थोडा चहा सांडला. मी तो पुसला.

पण आपल्याकडे माणूस संकटात पडला की त्याला एकटं सोडत नाहीत. समिती स्थापन करतात! कोर्टातले एक वकीलसाहेब अध्यक्ष झाले, आणि माझं अक्षर बरं म्हणून मला चिटणीस केलं. 'शांतता बचाव समिती' असं नाव ठरलं. 'बचाव' की 'संवर्धन' यावर पहिल्या सभेत जी जुंपली, ती ऐकायला रस्त्यावरची माणसं पायऱ्यांवर जमली. सभा अर्थातच चाचांच्या दुकानात. वकीलसाहेब टेबलावर मूठ आपटून म्हणायचे, "ही शांतता आम्ही जाऊ देणार नाही!" कप नाचायचे. चाचा प्रत्येकापुढे चहा ठेवायचे आणि आपले शेगडीकडे तोंड करून बसायचे.

आठवडाभरात हिराबाई उठल्या. "मेल्यांनो," दारातून म्हणाल्या, "यापरीस लिलाव बरा. तो संपतो तरी!" त्या गेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत. सभेने त्यांच्या गैरहजेरीबद्दल तीव्र खेद व्यक्त केला.

पुढे मोर्चा निघाला. रिक्षावर कर्णा बांधून शांततेसाठी अख्खी बाजारपेठ दणाणून सोडली. जागामालक भ्याला की कंटाळला कोण जाणे, पण त्याने माघार घेतली. जिंकलो! ऑक्टोबरच्या उकाड्यात चाचांच्या अंगावर लोकरीची शाल चढवली, दुकानातच माइक लावला आणि पाच वक्ते बोलले. शेवटी चाचांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. ते माइकपासून लांब उभे राहिले आणि म्हणाले, "सगल्यांचे उपकार हायत. चाय थंड व्हत्ये." टाळ्यांच्या कडकडाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

त्यानंतर दुकान प्रसिद्ध झालं. समितीने 'येथे शांतता पाळली जाते' अशी पाटी लावली, आणि पाहुण्यांना आणून तिचा अर्थ मोठमोठ्याने समजावून सांगू लागली. कार्यालयाला जागा हवी म्हणून कोपऱ्यात कपाट आलं, मागोमाग टेलिफोन आला. चाचांना विचारलं होतं. ते "बरा" म्हणाले होते.

एका सकाळी चाचांनी शेगडी पेटवलीच नाही. किल्ली वकीलसाहेबांच्या हातात दिली आणि म्हणाले, "जागा तुमी राखलाव, आता तुमीच वापरा." वकीलसाहेबांनी ती स्वीकारली. आभाराचा ठरावही एकमताने मंजूर झाला. चाचा गेले आणि चहा बंद झाला, तशी सभेला माणसं येईनाशी झाली. पावसाळ्याच्या आत तिथे जागामालकाचं व्हिडिओ सेंटर सुरू झालं.

वर्षभराने कामानिमित्त चिपळूणला उतरलो, तर एस.टी. स्टँडच्या कँटीनमध्ये चाचा दिसले! लेकीकडे राहायला आले होते. मला इतका आनंद झाला की मी त्यांचे दोन्ही हात धरले. बाहेर कंडक्टर ओरडत होते, वर कर्णा कोकलत होता, शेजारी दोन पोरं भोकाड पसरून बसली होती. आणि चाचा पुन्हा डोळे अर्धे मिटून मजेत चहा पिऊ लागले.

मला राहवलं नाही. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "चाचा, या गोंधळात तुम्ही? त्रास नाही होत?"

"व्हतो ना," चाचा म्हणाले. "पन हितं माझ्यासाठी कोन ओरडत नाय."