मी गाळून टाकलेले तारे

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा माझ्या पीएचडीचं चौथं वर्ष चालू होतं. पुण्याहून वसईजवळ गिरीजला घरी आले ती पंधरा दिवसांसाठी. राहिले अडीच वर्षं. केळीची वाडी आणि बाबा, दोन्ही एकट्या आईला झेपणार नव्हतं आणि मला भाऊबहीण कोणी नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडम फोनवर म्हणाल्या, "कम्प्युटर तिथेही चालतो ना? मग काम सोडायचं नाही." मी सोडणार नव्हतेच.

माझं काम मरणाऱ्या ताऱ्यांवर होतं. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो, तांबडा होतो आणि अंगावरचे थर हळूहळू सोडत जातो. तो वायू लांब जाऊन निवतो, त्यात काजळीसारखे, वाळूसारखे बारीक कण धरतात. ही धूळ आणि वायू दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या समूहात, मिसळतात, आणि पुढचे तारे, ग्रह त्यातूनच घडतात. शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेला असे तारे मिळून किती धूळ पुरवतात, ते मला काढायचं होतं. दुर्बिणीची निरीक्षणं सगळ्यांना खुली होती. पण माझं उत्तर फारच कमी येत होतं. तिथे धूळ भरपूर दिसे, आणि माझे तारे देत होते चिमूटभर.

बाबांची वाचा गेली होती. उपचारांना येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "रोज बोला त्यांच्याशी. लहान मुलाशी बोलतात तसं नको, मोठ्या माणसाशी बोलतात तसं." वाडीचा विषय काढला की बाबा उठायची धडपड करत, केळींना टेकू लावले का म्हणून खुणा करत, मग रागाने डोळ्यांत पाणी येई. म्हणून मी त्यांना माझा प्रबंध सांगू लागले.

तीन महिन्यांनी शब्द परतले ते घरच्या बोलीतले. शाळेतली मराठी कुठे राहिली कोण जाणे. मग मीही बोलीत सांगू लागले. दुर्बिणीने टिपलेल्या अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, किरणांना बोलीत शब्द कुठून आणू? 'डोळ्यांना न दिसणारी धग' म्हटलं. त्यांना ते लगेच पटलं.

एका सकाळी ओट्यावर बसून ते रबरी चेंडू दाबत होते. मी सांगत होते, "तारा मरणाच्या जितका जवळ, तितकी जास्त धूळ सोडतो. ती त्याच्याभोवतीच दाटते."

बाबांनी चेंडू खाली ठेवला. डावा हात तोंडासमोर धरला. "मग तो... दिसतो?"

"धग दिसते, बाबा."

"तू... निवडला कसा?"

मी लॅपटॉप ओढून जुनी यादी उघडली. धगीच्या यादीतले जे ठिपके साध्या प्रकाशाच्या फोटोतही दिसत होते, तेवढेच मी तारे म्हणून ठेवले होते. बाकीचे कदाचित लांबच्या दीर्घिका असतील, या शंकेने मी ते पहिल्याच वर्षी गाळून टाकले होते. एका दुपारचं काम. दाट धुळीतला तारा साध्या प्रकाशात दिसत नाही, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. तरीही.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "हे मलाही दिसायला हवं होतं. पण मुदत सहा महिन्यांवर आली आहे. मर्यादा म्हणून एक परिच्छेद टाक आणि प्रबंध देऊन टाक. पास होशील."

"चूक कळल्यावर परिच्छेद कसा टाकू, मॅडम? मी मुदत वाढवून मागते."

"पहिल्यापासून करणार?"

"पहिल्यापासून."

फोन ठेवला आणि रडू आलं. आई दारात आली, म्हणाली, "रडून झालं की जेवायला ये."

मुदत वाढवून मिळाली आणि गाळलेला एकेक ठिपका मी पुन्हा तपासला. सकाळी बाबांचा व्यायाम, मग दुपारपर्यंत हेच. वीज गेली की लॅपटॉप घेऊन रिक्षाने वसई स्टेशनजवळच्या अभ्यासिकेत. परतले की बाबा विचारत, "किती?" मी ठिपके सांगे, ते काठी टेकत अंगणात चाललेली पावलं सांगत. बहुतेक दिवस तेच पुढे असत.

ठिपक्यांतले बरेचसे खरंच लांबच्या दीर्घिका निघाले. मूठभर मात्र तारे होते, स्वतःच्याच धुळीत बुडालेले. माझ्या आधीच्या सगळ्या यादीने मिळून दिली नव्हती, तेवढी धूळ ते मूठभर देत होते. सगळी तूट तरीही भरली नाही. उरलेली धूळ कुठून येते, ते मी प्रबंधात 'माहीत नाही' असंच लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाबा म्हणाले, "येणार." आईने प्रवास झेपणार नाही म्हणून सांगून पाहिलं, पण ते गाडीत बसून पुण्याला आलेच. मागच्या ओळीत काठी गुडघ्यांत धरून ताठ बसले. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, "हे ठिपके आधी का वगळले होते?"

तशी पद्धतच आहे, असं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "माझी चूक होती. माझ्या वडिलांनी एक प्रश्न विचारला, तेव्हा ती कळली." सगळे मागे वळले. बाबांना इंग्रजी कळत नव्हतं. आपलं काही चुकलं की काय, असं वाटून ते आणखी ताठ झाले. मॅडमनी उठून त्यांच्या कानाशी मराठीत सांगितलं.

पास होऊन बाहेर आल्यावर मला वाटलं बाबा शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "उरलेली धूळ?"

"अजून कोणालाच नीट माहीत नाही, बाबा."

"मग बस कामाला."

पुढच्याच आठवड्यात मी त्या धुळीच्या शोधासाठी संशोधनवृत्तीचा नवा अर्ज लिहायला घेतला.