गाडीसाठी सोडलेली जागा

डेट्रॉइटमधल्या जाहिरातींच्या एका स्टुडिओत कॅझिमिर व्रोबेल गाडीभोवतीची माणसं रंगवायचा. गाडी रंगवायचं काम सोबतच्या फ्लॉइडचं. तो ती कागदाच्या मधोमध अशी ताणायचा, की कारखान्यातून निघाली त्याहून हातभर लांब आणि जमिनीला टेकलेली दिसे. त्या काळच्या गाड्यांना मागं पंखासारखे उंच पत्रे असत, ते तर विचारूच नका. मग कॅझ कडेकडेनं माणसं उभी करायचा, अंमळ बुटकीच, म्हणजे गाडी आणखी ऐसपैस वाटते. धंद्याची रीतच ती. लढाई संपवून आलेल्या अख्ख्या देशाला असल्या गाड्यांचं वेड लागलं होतं, आणि ते लावणाऱ्यांत हे दोघंही होते.

चित्रात बाई लागली की कॅझ बायकोलाच, लोटीला, समोर उभं करी. मासिकामासिकांतून लोटी हातमोजे घालून हसत होती. घरी मात्र जुनं खटारं होतं, आणि त्या वर्षी लोटीच्या पोटात कॅन्सर निघाला.

अंथरुणाला खिळल्यावर तिनं एकच मागितलं.

"माझं एक चित्र काढ, कॅझ. रीटासाठी. सहा वर्षांची पोर, तिला माझा चेहरा कुठला आठवायला! पण मासिकातली ती हसरी भवानी नको हं. मी आहे तशी काढ."

"हात्तिच्या! त्यात काय?"

"त्यात काय म्हणे. बघू."

रविवारी कोबीचं सूप बाजूला सारून लोटीनं चित्र मांडीवर घेतलं. उजव्या कोपऱ्यात ती उभी होती, वीतभर, गुलाबी गालांची, हसून हात हलवणारी. बाकी सगळा कागद कोरा.

"छान आलंय," ती म्हणाली. "पण गाडी कुठाय रे?"

कॅझनं वाकून कागदाकडे पाहिलं. सवयीनं गाडीपुरती जागा सोडलेली त्याच्या ध्यानातही आली नव्हती.

"दुसरं काढतो. नुसता चेहरा, मोठा."

"काढ बाबा. घाई कर तेवढी."

तो रोज तिच्या उशाशी बसू लागला. पण बसलेली गालफडं काढायला हात धजेना. ब्रश आपसूक गाल भरून टाकी. कागदामागून कागद त्यानं फाडले. एक अर्धा झाला होता, तेव्हा लोटी गेली. देशभरच्या बायकांना हसवणाऱ्या हाताला घरच्या एका बाईचं दुखणं उमटवता आलं नाही. राग येतो अशा हाताचा, आणि कीवही येते.

शेवटी ते पहिलंच चित्र रीटाच्या पलंगामागच्या भिंतीवर लागलं. एका दुपारी कॅझ खोलीत गेला, तर पोर उशीवर उभी राहून कोऱ्या जागेत लाल खडूनं गाडी काढत होती.

"आई कधीची हात करतेय," रीटा म्हणाली. "तिला न्यायला कुणी येतच नव्हतं."

कॅझ पलंगाच्या कडेला बसला. ओरडावं की रडावं, त्याला कळेना.

"बाबा, बरी आलीय का गाडी?"

त्यानं नीट निरखून पाहिलं.

"मागून अजून थोडी लांब काढ," तो म्हणाला.