कोरी करंगळी

ताज्या कापलेल्या गवताचा ओलसर, हिरवा गंध आला की मला दोन हजार आठचा जून आठवतो, आणि अजूनही राग येतो. सुट्टीमुळे स्टेट कॉलेज हे आमचं अमेरिकन विद्यापीठाचं गाव ओस पडलं होतं, रिकाम्या बसगाड्या उन्हात निमूट फिरत होत्या, आणि आमच्या अपार्टमेंटच्या खिडकीत माझी रूममेट रूडो मांडीवर फोन घेऊन बसली होती. तिच्या झिंबाब्वेत त्या दिवशी मतदान होतं. समर्थकांवरच्या हल्ल्यांमुळे विरोधी उमेदवारानं आधीच माघार घेतली होती. तरीही मतदानाचा सोहळा सरकारला हवाच होता.

"यार, इलेक्शन तिकडे आणि टेन्शन तुम्हाला!" शेजारचा नागपूरचा नितीन चिडवून गेला. निवडणूक म्हटली की मला माझी आई दिसते: शाळेतली बाई, इलेक्शन ड्यूटीवर दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावणारी आणि घरी आल्यावर स्वतःचं बोट आम्हांपुढे मिरवणारी. रूडोच्या देशात करंगळी लाल शाईत बुडवतात, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणून मोठ्या उमाळ्यानं मी देवापुढचं कुंकू पाण्यात कालवलं, करंगळी बुडवली आणि तिच्यापुढे धरली.

तिचा चेहरा उतरला. "धू ते," ती म्हणाली. "संध्याकाळी सत्ताधारी पक्षाचे लोक घरोघरी बोटं तपासणार आहेत. लाल नसेल, तर मारणार. आणि माझी आई हट्टी आहे. जाणार नाही म्हणालीय."

मी नळाखाली बोट चोळत राहिले. माझ्या आईनं ज्या खुणेचा अभिमान बाळगला, तिचा कुणी गुरांना द्यायच्या डागासारखा वापर करावा, याचा असा संताप आला की साबण हातातून निसटला. कुंकू काही पुरतं जाईना.

चारच्या सुमारास फोन वाजला. रूडो उभी राहून ऐकत राहिली, आणि मग रडता रडता हसली. "घरातच आहे, कडी लावून. म्हणते, या हाताला जन्मभर खडू लागला, आता दुसरा रंग लागू देणार नाही." मग डोळे पुसत म्हणाली, "ते अजून आलेले नाहीत."

आमच्या खिडकीत ऊन अजून रेंगाळत होतं. तिकडे रात्र झाली होती, आणि एक शिक्षिका कोरी करंगळी घेऊन दाराकडे तोंड करून बसली होती. येऊ देत, मी मनात म्हटलं, आणि पुढच्याच क्षणी, नको, येऊ नयेत.