गुरुवारचे तीस रुपये

चारठाण्याहून आत वळलं, की साडेचार किलोमीटरवर बावीस घरांचं एक गाव लागतं. तशी घरं त्याहून बरीच जास्त आहेत, पण गीताबाई गावाची मोजदाद दावणीवरून करते. ज्याच्या दारात गाय नाही की म्हैस नाही, ते घर तिच्या मोजणीत येत नाही. बजरंगचं घर कोणतं असं कुणी विचारलं, तर ती म्हणते, "ते न्हाई का, एका शिंगाच्या म्हशीचं."

पन्नाशीची बाई. उंच, सावळी, बोलायला फटकळ. तिच्या दावणीला दोन गाई आणि एक म्हैस. नवरा पंडित गवंडीकाम करतो आणि कमी बोलतो. बोलायचं काम त्यानं लग्नाच्या दिवशीच बायकोकडं सोपवलं, असं गावात गमतीनं म्हणतात.

पूर्वी या गावात जनावर आजारी पडलं, की माणूस दोन दिवस नुसता त्याच्याकडं बघत बसायचा. जिंतूरहून डॉक्टर बोलवायचा म्हणजे त्याच्या येण्याचेच पाचशे रुपये, औषध वेगळं. एका सुईसाठी पाचशे कोण मोडणार? मग हळद, गूळ, शेजाऱ्यानं सांगितलेला काढा. तिसऱ्या दिवशी जनावरानं पाय पसरले, की फोन जायचा. दीडशेच्या औषधात जे काम झालं असतं, त्याला तोवर तीन हजार लागायचे आणि तरी जनावर हाती लागेलच असं नसायचं. गीताबाईनं हे वीस वर्षं बघितलं, स्वतःही केलं. पैसा डॉक्टरच्या खिशात जातो त्याहून जास्त आपल्या वाट बघण्यात जातो, हे तिला एका उन्हाळ्यात उमगलं.

ती एसटीनं जिंतूरला गेली. भागवत डॉक्टर तरुण माणूस, परभणीला शिकलेला, मोटरसायकलवर खेडी फिरणारा.

"दर गुरुवारी या," ती म्हणाली. "बावीस घरची जनावरं एका झाडाखाली उभी करते. येण्याचे चारशे घ्या, औषधाचे ज्याचे त्याच्याकडून."

"आणि एखाद्या गुरुवारी एकही आजारी नसलं तर?"

"तर च्या प्या, चारशे घ्या आन् जावा."

बुद्धविहारासमोर लिंबाचं झाड आहे. तिथं गुरुवार सुरू झाला. घरटी तीस रुपये गीताबाईच्या पत्र्याच्या डब्यात. चारशे डॉक्टरला, उरलेले डब्यातच. वरच्या आळीतल्या लोकांनी पहिले दोन गुरुवार पैसे दिले, पण जनावरं पाठवली नाहीत. तिसऱ्या गुरुवारी डॉक्टरनं मोठा कॅन आणून जंताचं औषध झाडाखालच्या सगळ्या जनावरांना एकदम पाजलं. जनावरामागं चौदा रुपये पडले. दुकानात त्याच डोसाला साठ मोजलेले सगळ्यांना आठवत होते. चौथ्या गुरुवारी वरची आळी गुरंढोरं घेऊन झाडाखाली हजर झाली.

डब्यात साठणाऱ्या पैशांचं काय करायचं, याचा नियमही गीताबाईनंच केला. मधल्या वारी जनावर अडलं, तर डॉक्टरच्या येण्याचे पाचशे डब्यातून द्यायचे. पण आधी दोन बायकांनी जनावर बघून हो म्हणायचं. एक खालच्या आळीतली, एक वरच्या. म्हणजे कुणी आपल्याच माणसाची बाजू घेणार नाही. आणि ज्याला हे जमत नसेल, ज्यानं आपल्याच पैशानं परस्पर डॉक्टर बोलवला, त्यानं डब्यातून नाव काढायचं. नाहीतर खिशात पैसे असणारे गुरुवारचे तीस द्यायचं बंद करतील आणि गरिबांच्या तिसांत डॉक्टर यायचा नाही. नियम कडक होता. पण वर्षभर डबा कधी रिकामा झाला नाही, याचा गीताबाईला ताठा होता.

दिवाळीनंतर कडूबाईची वगार, म्हशीची पारडी, आजारी पडली. कडूबाई वरच्या आळीतली, साठीची, दोन म्हशींवर एकटीनं घर चालवणारी. वगार आठ महिन्यांची, चारा तोंडात घेईना. सोमवारी खालच्या आळीकडून गीताबाई बघायला गेली. तिनं वगारीच्या पोटावर दोन थापा मारल्या आणि म्हणाली, "पोट भरलंय तिचं. गुरुवारपर्यंत निघंल. मधी डॉक्टर नको."

वगार बुधवारी मेली.

गुरुवारी कडूबाईनं झाडाखाली येऊन तीस रुपये डब्यात टाकले आणि माघारी गेली. ती भांडली नाही, रडली नाही. गीताबाईशी बोलणं मात्र त्या दिवसापासून बंद.

माघातल्या रविवारची गोष्ट. गीताबाईची तांबडी गाय शुक्रवारी व्याली होती. चौथं वेत, दुधाला वाहती. सकाळी धारेला गेली तर गाय बसलेली. शेपटी पिळली, हाकारलं, तरी उठेना.

"शीणली असंल," गीताबाई म्हणाली.

नऊ वाजले. गायीनं मान वळवून कुशीवर टाकली आणि ती तशीच ठेवली. डोळे उघडे, पण कुठंच बघेनात. शेजारची तानुबाई आली, बघितल्याबरोबर म्हणाली, "बोलव बाई, मपला होकार हाय." खालच्या आळीचा होकार मिळाला. पण वरची आळी सकाळीच टेम्पोनं सेलूला लग्नाला गेली होती. मागं एकच बाई राहिली होती, कारण तिच्या म्हशी दुसऱ्याच्या हाताला धार देत नाहीत.

पंडितनं फोन हातात घेतला. "मी लावतो. पाचशे मी देतो."

"लावू नका."

"आगं, गाय जायलीय."

"मीच परस्पर बोलवला, तर उद्यापासून कोण ऐकंल माझं?"

"नियम तूच केलास ना?"

"म्हणूनच."

पंडित एवढं बोलला हेच पुष्कळ होतं. तो गायीपाशी जाऊन बसला आणि तिच्या पाठीवर पोतं टाकलं. गीताबाई पदर खोचून वरच्या आळीला निघाली.

कडूबाई अंगणात गोवऱ्या थापत होती. तिनं मान वर केली आणि पुन्हा शेणात हात घातला.

"आक्का, तांबडी बसलीय. उठंना. बघायला चला."

"गुरुवार कितीक लांब हाय?"

"चार दिवस."

"मग लय न्हाई."

कडूबाईनं हातातली गोवरी थापली, दुसरी थापली. तिसरीला हात घातला आणि तो तसाच राहिला.

"बघून जे वाटंल ते सांगीन. न्हाई वाटलं तर न्हाई म्हणीन."

"म्हणा."

कडूबाईनं रांजणातल्या पाण्यानं हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. गीताबाईला एकेक तांब्या मोजावासा वाटत होता.

गायीपाशी कडूबाई उकिडवी बसली. नाकपुडीला बोट लावलं, ती कोरडी होती. मग दोन्ही कान मुठीत धरले आणि धरूनच ठेवले.

"गार हायत."

"हं."

"मपल्या वगारीचे बी गार होते. मी तुला म्हणलं होतं."

"म्हणलं होतं, आक्का."

"तू पोट थापटलंस. कानाला हात लावला न्हाईस."

"न्हाई लावला."

"चुकलीस."

"चुकले."

तानुबाईनं पदर तोंडाशी धरला. कडूबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पंडितकडं वळली. "बघतोस काय? लाव की फोन."

फोनवर डॉक्टरनं पहिल्यांदा एवढंच सांगितलं, की तोंडानं काही पाजू नका, गिळता येत नाही तिला, पाणी छातीत जाईल. तो पाऊण तासात आला. तोवर गायीनं मान जमिनीवर टाकली होती. त्यानं स्टेथोस्कोप लावला, मानेच्या शिरेत सुई घातली आणि कॅल्शियमची बाटली उंच धरायला पंडितला दिली. बाटली घाईनं सोडली तर काळीज बंद पडतं, म्हणून थेंब थेंब. बाटली अर्धी झाली तेव्हा गायीच्या अंगावर काटा आला, पुठ्ठ्याचं कातडं थरथरलं. ती संपता संपता गायीनं मोठी ढेकर दिली, शेण टाकलं. मग पुढचे गुडघे टेकून, झोकांड्या खात, तांबडी उभी राहिली.

"अजून दीडएक तास गेला असता तर मी येऊन उपयोग नव्हता," डॉक्टर म्हणाला. "आता दोन दिवस कास पूर्ण पिळू नका."

औषधाचे तीनशे ऐंशी झाले. पंडितनं येण्याचे पाचशेही खिशातून काढले, तशी कडूबाई म्हणाली, "ठेव ते. डब्यातले घ्या. डबा कशाला हाय मग?"

पुढच्या गुरुवारी गीताबाईनं झाडाखाली सगळ्यांसमोर सांगितलं, की दोन होकारांचा नियम बंद. ज्याचं जनावर, त्यानंच ठरवायचं डॉक्टर पाहिजे का नको. कुणी कुणाला विचारायचं नाही.

"डबा महिन्यात रिकामा व्हईल," बजरंग म्हणाला.

"तर तिसाचे चाळीस करू."

"आन् कुणी उगंच बोलवला तर?"

"बोलवू दे."

तिसाचे चाळीस झालेच. कारण पहिल्या महिन्यात मधल्या वारी चार वेळा डॉक्टर आला. दोनदा खरंच नड होती. तिसऱ्यांदा असावी. चौथं बोलावणं कडूबाईचं होतं.

गीताबाई पाचशेची नोट घेऊन वरच्या आळीला गेली तेव्हा डॉक्टर कडूबाईच्या म्हशीपुढं उभा होता. म्हैस रवंथ करत होती.

"आक्का, हिला काय झालंय? मलाच खाईल अशी दिसायलीय."

"सकाळी वैरणीला तोंड लावलं न्हाई तिनं."

डॉक्टरनं थर्मामीटर झटकून पेटीत ठेवला. मागोमाग आलेली तानुबाई गीताबाईच्या कानाशी पुटपुटली, "मुद्दाम करायलीय गं ही." कडूबाई गोठ्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिची नजर म्हशीवर नव्हती, गीताबाईच्या हातातल्या नोटेवर होती.

गीताबाईनं नोट डॉक्टरला दिली.

"आता खाल्लं का तिनं?" तिनं कडूबाईला विचारलं.

"खाल्लं थोडं."

"सांजच्याला बी ध्यान ठेवा. न्हाई खाल्लं तर परत बोलवू."

कडूबाईनं खांब सोडला. मग ती आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, भांडं वाजलं.

"गीता," ती आतून म्हणाली, "च्यात साखर किती घालू?"

"डॉक्टरला कमी घाला," गीताबाई ओट्यावर टेकत म्हणाली. "मला तुमच्याएवढी."