मुठ्ठीचाचांची चौथी भिंत

मुठ्ठीचाचांना ठेकेदाराने फसवलं. आमच्या केज तालुक्यातल्या एका गावात सभागृह बांधलं गेलं. त्याच्या एकाच भिंतीचा गिलावा चाचांनी केला. उरलेल्या तीन भिंती ठेकेदाराने भलत्यांकडून उरकून घेतल्या आणि चारही चाचांच्या नावावर खपवल्या. तुमचा यात काय संबंध, असं मला बरेच जण विचारतात. माझा संबंध आहे.

चाचांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत असेल. गिलाव्याच्या कामाला बोलावलं की ते भिंतीच्या आधी वाळू बघायचे. ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतली ओली वाळू काढायची, मुठीत आवळायची आणि मूठ उघडून तळवा बघायचा. तळव्याला माती चिकटली असेल तर तोच तळवा मालकाच्या तोंडासमोर धरायचा. "ही वाळू न्हाई, शेत हाय. ज्वारी पेरा ह्यात," एवढं म्हणून ते सायकलला टांग मारायचे. मालक कितीही मोठा असो, मागे वळून बघायचे नाहीत.

माझी त्यांची गाठ पडली ती दुकानाच्या भिंतीमुळे. मी आठवडी बाजारात पोतं अंथरून जर्मनची भांडी विकत वर आलेला माणूस. भाव पाडल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. केजला भांड्यांचं दुकान झालं. मागच्या भिंतीला नालीची ओल लागली आणि गिलाव्याचे पोपडे पातेल्यांत पडायला लागले. चाचांनी आधी नाली वळवायला लावली, मग आले. वाळू पास झाली. थापीच्या मुठीने ठोकत, कान लावत ते भिंतभर फिरले आणि म्हणाले की गिलावा आतून सुटलाय, सगळा उतरवावा लागेल. त्यांनी सांगितलेला भाव मी निम्म्यावर आणला. मला वाटलं, भांडतील. ते फक्त "बरं हाय, शेठ" म्हणाले.

काम संपलं म्हणून निरोप आला. जाऊन पाहतो तर नवा गिलावा माझ्या छातीपर्यंत आलेला, वरची कड सुरीने वडी कापावी तशी सरळ, आणि चाचा हत्यारं धूत बसलेले. मी भडकलो. इतका ओरडलो की रस्त्यावरची माणसं आत आली. चाचांनी मानसुद्धा वर केली नाही.

"तुज्या भावात एवढीच भित बसती. वरली पायजे तर वरला भाव सांग."

पुढे आठवडाभर मी त्या अर्ध्या भिंतीसमोर बसून धंदा केला. आलेलं गिऱ्हाईक आधी भिंतीकडे बघायचं, मग माझ्याकडे, आणि हसायचं. शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो आणि जन्मात पहिल्यांदा समोरच्याने मागितलेला भाव कबूल केला. वरचं काम झाल्यावर जोड शोधायला मी भिंतीवरून बोटं फिरवली. जोड सापडला नाही.

तेव्हापासून त्यांचं काम कुठेही चालू असलं की मी दुकान सोडून बघायला जायचो. मनगटाच्या एका झटक्यात माल भिंतीवर जायचा आणि तिथेच राहायचा. खाली अंथरलेलं गोणपाट ते शेवटी मालकासमोर झटकायचे आणि विचारायचे, पडलं का काही? नम्रपणा अंगात औषधालाही नव्हता. "माज्या भितीवर पाल टिकंना, घसरती," असं भर चौकात सांगायचे. आमच्या मागच्या भिंतीवर मी अजून पाल पाहिलेली नाही.

मजूर निवडायची तऱ्हाही त्यांचीच. सकाळी चौकात कामासाठी उभ्या असलेल्यांना ते एकच विचारायचे, गिलावा झाल्यावर काय करणार? घरी जाणार म्हणणारा बाद. सरुबाई नावाची धनगराची बाई म्हणाली, "मेंढरं पाजल्याबिगर मी जेवत न्हाई. भितीला कशी तान्हेली ठिवीन?" तेव्हापासून माल कालवायला तीच. टँकरच्या दिवसांतही नव्या भिंतीवर मारायच्या पाण्याचा हंडा ती वेगळा भरून ठेवायची. चाचांना शिव्या द्यायचा हक्क अख्ख्या केजमध्ये तिला एकटीलाच होता.

सभागृहाचं काम निघालं तेव्हा ठेकेदाराने पुढे मांजरा नदीची धुतलेली वाळू टाकली. चाचांचा तळवा स्वच्छ निघाला. त्यांनी रस्त्याकडची भिंत केली. तेवढ्यात मागे दुसरा ढीग पडला. चाचांनी तिथेही मूठ भरली, तळवा ठेकेदाराला दाखवला आणि सरुबाईला घेऊन निघून आले. उद्घाटनाला मात्र ठेकेदाराने जाहीर केलं की चारही भिंती मुठ्ठीचाचांच्या हातच्या. पुढची कामं मिळवायला त्याला ते नाव हवं होतं. चाचांच्या कानावर आलं तेव्हा ते म्हणाले, बोलू द्या.

पुढच्या पावसाळ्यात तीन भिंती गळायला लागल्या. लग्नाच्या पंगतीत ताटांत गिलावा पडला, आणि शिव्या चाचांना बसल्या. कामं बंद झाली. चौकात लोक त्यांना लांबून मूठ दाखवायला लागले. मी म्हणालो, चाचा, चार माणसं घेऊन जाऊ, चौथी भिंत दाखवू.

"म्या काय सांगू बे? भित हाय ना तिथं उभी."

मी ऐकणारा नव्हतो. सरपंचाला गाठलं, गावकऱ्यांना सोमवारी सभागृहात जमवायचं ठरवलं. सोमवारी जाऊन पाहतो तर चारही भिंती उघड्या, विटा दिसत होत्या. ठेकेदार दारातच उभा. म्हणाला, तक्रार नको म्हणून सगळाच गिलावा काढला, नवा करून देतो. लोक त्याचे आभार मानून घरी गेले.

चाचा लेकीकडे अंबाजोगाईला राहायला गेले. त्यानंतर थापी धरली नाही ती नाहीच.

मग एके दिवशी सरुबाई दुकानात आली. पाडापाडीला गेलेल्या बायकांनी तिला सांगितलं होतं. तीन भिंतींचा गिलावा त्यांनी खुरप्यांनी उतरवला. चौथीवर कुदळ उडून परत यायची. शेवटी बीडहून फोडायचं मशीन आणलं. मी तडक अंबाजोगाईची एसटी पकडली.

चाचा खाटेवर पडले होते. ऐकलं आणि उठून बसले.

"मशीन लागलं?"

हो म्हणालो.

"कुदळीनं न्हाई निघाली?"

नाही म्हणालो. चाचा म्हणाले, "मग विटंसकट आली आसंल."

विटांसकटच आली होती; विटांची वरची सालं गिलाव्याला चिकटून निघाली होती. चाचांनी लेकीला आतून हाक मारली, समोर बसवलं आणि मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मशीनचा आवाज केवढा होता, तेही विचारलं. इतका खूश झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

त्यांचं समाधान झालं. माझं झालेलं नाही. नाव बुडालं ते बुडालंच, आणि ते सावरू शकणारी एकमेव भिंत आज जगात नाही. ठेकेदार माझ्या दुकानावरून रोज जातो, हात जोडतो. मला त्याचा नमस्कार नको. चारही भिंती एकाच हातच्या होत्या, तर तीन खुरप्याने निघाल्या आणि चौथीला मशीन कशाला लागलं? सगळ्या गावासमोर उभं राहून, चाचा जिवंत आहेत तोवर, त्याने याचं उत्तर द्यावं.